कोण जिंकणार, आणि कितीने?

जानेवारी लागला की आमच्या न्यू जर्सीत दोन गोष्टी हमखास होतात. सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडावा लागतो, आणि ऑफिसातल्या प्रत्येकाला अचानक भविष्य कळायला लागतं. एरवी दुपारची मीटिंग कितीला आहे हे न आठवणारी माणसं कॉफीचा कप हातात धरून छातीठोकपणे सांगतात, रविवारी बफेलो जिंकणार, लिहून ठेव! मी खरंच लिहून ठेवते. गेली बारा-तेरा वर्षं माझी एक वही आहे. पैसे लावत नाही हो (आई, काळजी करू नकोस). ज्याचे अंदाज सगळ्यात जास्त चुकतील त्याने सोमवारी सगळ्यांसाठी डोनट आणायचे, एवढाच आमचा जुगार.

त्या वहीच्या नादाने मी या भविष्यकथनाचा इतिहास वाचत गेले, आणि तो खेळापेक्षाही मजेदार निघाला. मजेदार म्हणजे सगळाच गमतीचा नाही. ते पुढे येईलच.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. आपल्याकडे फूटबॉल म्हटलं की मेस्सी आठवतो. हा फूटबॉल म्हणजे लांबुळक्या चेंडूचा, हेल्मेटवाल्यांचा. चेंडू घेऊन शेवटच्या पट्ट्यात शिरलं की टचडाऊन, त्याचे ६ गुण आणि वर लाथ मारून मिळवायचा १, म्हणजे बहुतेक वेळा ७. तिथपर्यंत जमलं नाही तर लांबूनच खांबांमधून चेंडू मारायचा, त्याचे ३. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ. सप्टेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत साखळी सामने, मग प्लेऑफ. २०२०च्या मोसमापासून प्लेऑफमध्ये १४ संघ असतात. बास्केटबॉल-बेसबॉलसारखी सात सामन्यांची मालिका वगैरे भानगड नाही. एकच सामना, हरलात की घरी. असे एकूण १३ सामने, आणि तेरावा म्हणजे फेब्रुवारीतला सुपर बोल.

हे "एकच सामना" प्रकरण महत्त्वाचं आहे. समजा तुम्ही इतके हुशार आहात की प्रत्येक सामन्याचा विजेता ६५ टक्के वेळा बरोबर सांगता (आणि हे काही कमी नाही बरं का). तरी तेराच्या तेरा बरोबर यायची शक्यता किती? ०.६५ चा तेरा वेळा गुणाकार करून बघा. साधारण २७० वर्षांत एकदा! आमच्या ऑफिसात गेल्या वर्षी एकाचे अकरा बरोबर आले तर तो अजून जमिनीवर आलेला नाही.

आता इतिहास. सुरुवात १९४० पासून करते, कारण तो किस्सा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही. १७ नोव्हेंबर १९४० ला वॉशिंग्टनच्या संघाने शिकागो बेअर्सला ७-३ असं हरवलं. शिकागोवाल्यांनी पंचांच्या नावाने तक्रार केली, तेव्हा वॉशिंग्टनचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांनी त्यांना रडतराऊ म्हणून हिणवलं. वर्तमानपत्रांत ते छापून आलं. शिकागोचे प्रशिक्षक जॉर्ज हॅलस यांनी ती कात्रणं कपडे बदलायच्या खोलीत चिकटवून ठेवली. तीनच आठवड्यांनी, ८ डिसेंबरला, हेच दोन संघ अजिंक्यपदासाठी त्याच वॉशिंग्टनच्या मैदानावर समोरासमोर आले. आता तुमच्यापैकी कुणालाही विचारलं असतं की काय होईल, तर म्हणाला असता, चुरशीचा होईल. तो सामना शिकागोने ७३-० असा जिंकला. त्र्याहत्तर-शून्य! एनएफएलच्या इतिहासात एवढ्या फरकाने त्यानंतर कुणी जिंकलेलं नाही. वॉशिंग्टनचा सॅमी बॉ याला नंतर कुणी तरी विचारलं म्हणे, की सुरुवातीला तुमच्या खेळाडूच्या हातून तो टचडाऊनचा झेल सुटला नसता तर? तो म्हणाला, मग ७३-७ झालं असतं :-)

म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीचा पुरावा हातात असताना भविष्य ७३ गुणांनी चुकू शकतं. तरीही माणसं अंदाज बांधायची थांबली नाहीत, उलट याच दशकात त्याचं एक यंत्रच तयार झालं.

तोपर्यंत पैज साधी होती. कोण जिंकणार, एवढंच. संघ बलाढ्य असेल तर बुकी भाव कमी द्यायचा, लिंबूटिंबू असेल तर जास्त. पण यात बुकीची पंचाईत अशी की एकतर्फी सामन्यावर कुणी धड पैसेच लावत नाही. सगळेच बलाढ्य संघावर लावायला निघाले तर समोरून घेणार कोण? यावर शिकागोच्या चार्ल्स मॅकनील नावाच्या माणसाने तोडगा काढला असं सहसा मानलं जातं. हा गृहस्थ गणित शिकलेला, काही काळ शिक्षकी केलेला, मग बँकेत रोख्यांचा हिशोब करणारा, आणि फावल्या वेळात जुगारी. त्याची कल्पना अशी की बलाढ्य संघाला आधीच काही गुणांचं ओझं लादायचं. शिकागो १० गुणांनी वरचढ असं ठरलं, तर शिकागोवर पैसे लावणारा तेव्हाच जिंकणार जेव्हा शिकागो १० पेक्षा जास्त फरकाने जिंकेल. शिकागो ७ ने जिंकलं तर शहरात मिरवणूक निघेल, पण पैज हरली. याला म्हणतात पॉईंट स्प्रेड. आपण लहान भावंडांबरोबर शर्यत लावताना त्याला दहा पावलं पुढे उभं करायचो ना, तेच.

कल्पना इतकी साधी आणि इतकी जालीम, की प्रश्नच बदलून गेला. "कोण जिंकणार" याची जागा "कितीने जिंकणार" ने घेतली. एखादा सामना कितीही एकतर्फी असो, त्याला असा एक आकडा लावता येतो की दोन्हीकडची माणसं पैसे काढतील. बुकीचा नफा कुठून? १०० जिंकायचे तर तुम्ही ११० लावायचे, ही तेव्हापासूनची रीत. हिशोब केला तर दिसतं की नुसतं बरोबरीत सुटायलाही तुम्हाला ५२.४ टक्के वेळा बरोबर असावं लागतं. नाणं उडवणाऱ्याचे ५० टक्के येतात. मधले ते अडीच टक्के, त्यावर अख्खं लास व्हेगस उभं आहे असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

पण आकडा आला तशी त्याची सावलीही आली. हरायचं नाही, फक्त "थोडं कमी जिंकायचं" किंवा "थोडं जास्त हरायचं" एवढीच खेळाडूला विनंती करता येऊ लागली! १५ डिसेंबर १९४६, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. पुन्हा अजिंक्यपदाचा सामना, शिकागो बेअर्स विरुद्ध न्यूयॉर्क जायंट्स. शिकागो दहाएक गुणांनी वरचढ धरलेलं. आल्विन पॅरिस नावाच्या माणसाने जायंट्सच्या दोन खेळाडूंना, फ्रँक फिलचॉक आणि मर्ल हेप्सला, पैसे देऊ केले. पोलिसांनी फोन चोरून ऐकला होता, बातमी थेट महापौरांकडे आणि तिथून लीगचे आयुक्त बर्ट बेल यांच्याकडे गेली. चौकशीत हेप्सने सांगितलं, हो, मला विचारलं होतं. फिलचॉक म्हणाला, मला नाही. मग ज्याने खरं सांगितलं त्याला सामन्यातून बाहेर बसवलं आणि ज्याने नाकारलं तो खेळला. (हा न्याय वाचून मला आपल्याकडच्या शाळेची आठवण झाली. वर्गात कोण बोललं, असं विचारल्यावर जो हात वर करतो त्यालाच अंगठे धरून उभं करायचे.)

फिलचॉक त्या दिवशी नाक मोडलेलं असताना खेळला. दोन टचडाऊन करून दिले, आणि सहा वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात फेकला. शिकागो २४-१४ ने जिंकलं. फरक किती? बरोबर दहा. तो मन लावून खेळला की नाही, हे त्या आकड्यावरून कुणाला कधी सांगता येणार? पुढे पॅरिसच्या खटल्यात फिलचॉकने कबूल केलं की त्यालाही पैसे देऊ केले होते. बेल यांनी दोघांनाही बेमुदत बंदी घातली. फिलचॉक मग कॅनडात जाऊन खेळला.

पण बेल यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या दृष्टीने ती फार मोठी आहे. कोणता खेळाडू जखमी आहे, कोण खेळण्याची शक्यता नाही, हे प्रत्येक संघाने सामन्याआधी जाहीर करायचं असा दंडक घातला. का, तर ही आतली माहिती मोजक्या लोकांना विकत मिळू नये म्हणून. ती यादी आजतागायत निघते. अमक्याचा गुडघा, तमक्याचं मनगट, अमका खेळेल की नाही "शंकास्पद". जगातल्या कुठल्याही कंपनीने आपल्या आजारी माणसांची यादी दर आठवड्याला छापली तर केवढा गहजब होईल! इथे कोट्यवधी लोक ती पंचांगासारखी वाचतात. लीगने सट्ट्याशी आपला काही संबंध नाही असं पुढची सत्तर वर्षं सांगितलं, पण सट्टेबाजाला सगळ्यात उपयोगी पडणारा कागद तीच छापत होती.

१९५८ च्या अंतिम सामन्याची गोष्ट थोडक्यात सांगते. बाल्टिमोर कोल्ट्स साडेतीन गुणांनी वरचढ, जायंट्सशी १७-१७ अशी बरोबरी, जादा वेळ, पहिला गुण मिळवेल तो जिंकला. कोल्ट्स अगदी दारात उभे. जवळून लाथ मारली की ३ गुण, सामना खिशात. त्यांनी लाथ मारली नाही, जोखीम घेऊन टचडाऊन केला आणि २३-१७ ने जिंकले. तेव्हापासून कुजबूज आहे की मालकाचे पैसे लागले होते, ३ ने जिंकून पैज हरली असती. कधीच सिद्ध झालं नाही, आणि खेळाडूंनी ठाम नकार दिला. मला स्वतःला खेळाडूंचंच पटतं. त्या काळच्या लाथांचा काही भरवसा नसायचा. पण बघा, आकडा एकदा हवेत सोडला की साध्या धाडसी खेळाकडेही माणसं कशी बघायला लागतात! १९६३ मध्ये तर पॉल हॉर्नंग आणि अ‍ॅलेक्स कॅरास या दोन नावाजलेल्या खेळाडूंना पैज लावल्याबद्दल अख्खा मोसम घरी बसावं लागलं.

आता येऊ सगळ्यात प्रसिद्ध भविष्याकडे. जानेवारी १९६९, मायामी, तिसरा सुपर बोल. तेव्हा एनएफएल आणि एएफएल या दोन वेगळ्या लीग, आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी भिडायचे. आधीचे दोन्ही सामने एनएफएलच्या ग्रीन बेने ३५-१० आणि ३३-१४ असे लीलया जिंकलेले. या वेळी एनएफएलचे बाल्टिमोर कोल्ट्स मोसमात १४ पैकी १३ सामने जिंकून आलेले, उपान्त्य लढतीत क्लीव्हलंडला ३४-० असं धुऊन काढलेलं. समोर न्यूयॉर्क जेट्स. जिमी स्नायडर ऊर्फ "जिमी द ग्रीक" या लास व्हेगसच्या भविष्यवाल्याने, आणि बाजाराने, कोल्ट्स सतरा-अठरा गुणांनी वरचढ ठरवले. सामन्याच्या तीन दिवस आधी मायामीत एका समारंभात कुणी तरी टोमणा मारला तेव्हा जेट्सचा पंचविशीतला जो नेमथ उठून म्हणाला, आम्ही जिंकणार, मी हमी देतो.

जेट्स १६-७ ने जिंकले. नेमथ अमर झाला. आजही इथे प्लेऑफच्या आधी कुणी खेळाडू तोंड उघडतो तेव्हा टीव्हीवाले नेमथचं चित्र दाखवतात.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. हमी द्यायला काय लागतं? प्लेऑफच्या आधी कुणी ना कुणी हमी देतच असतो. जे हरतात त्यांच्या हमीची चित्रं कुणी जपून ठेवत नाही. आपल्याकडे परीक्षेच्या वेळी ज्योतिषाने दहा जणांना "पहिला येशील" सांगितलं तर एक जण त्याला आयुष्यभर पेढे नेऊन देतो, बाकीचे नऊ त्याचं नावही काढत नाहीत. आणि त्या १८ च्या आकड्याचं काय? तो "चुकला" का? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. याचं उत्तर नंतर एका संख्याशास्त्रज्ञाच्या लेखात मिळालं.

हॅल स्टर्न यांनी १९९१ मध्ये एक छोटासा लेख लिहिला. १९८१, १९८३ आणि १९८४ या मोसमांतले ६७२ सामने घेतले आणि साधी गोष्ट मोजली: बाजाराने सांगितलेला फरक आणि प्रत्यक्ष फरक यांत तफावत किती? सरासरी तफावत जवळजवळ शून्य. म्हणजे बाजार कुठल्याच बाजूला झुकत नव्हता. पण पसारा, म्हणजे संख्याशास्त्रात ज्याला प्रमाण विचलन म्हणतात ते, जवळपास १४ गुण! दोन टचडाऊन इतका. जगातली सगळी हुशारी आणि सगळा पैसा एकत्र येऊन काढलेला आकडा, आणि तो सर्रास चौदा गुणांनी इकडे-तिकडे होतो.

याच मोजमापावरून आकड्याची शक्यता करता येते. ३ गुणांनी वरचढ म्हणजे जिंकायची शक्यता साधारण ५९ टक्के. ७ म्हणजे ६९. १४ म्हणजे ८४. आणि १८ म्हणजे ९०. म्हणजे १९६९ मध्ये बाजार खरं तर एवढंच म्हणत होता की हा सामना दहा वेळा खेळवला तर जेट्स एकदा जिंकतील. ती वेळ त्या रविवारी आली. यात आकडा चुकला असं कसं म्हणायचं? बाजार चुकला असेल कदाचित. पुढच्याच वर्षी कॅन्सस सिटीलाही बारा-तेरा गुणांनी कमजोर धरलं आणि तेही मिनेसोटावर २३-७ ने जिंकले, म्हणजे एएफएलला कमी लेखण्याची खोड होती हे खरं. पण एका सामन्यावरून ते सिद्ध होत नाही. एकाच सामन्याने भविष्य खोटंही ठरत नाही आणि खरंही. या सगळ्या वाचनातून मला कळलेली मोठी गोष्ट म्हणाल तर हीच, आणि ती पचायला कठीण आहे. कारण आपल्या समोर सामना नेहमी एकदाच होतो.

शिवाय तो आकडा भविष्य म्हणून जन्मालाच आलेला नाही. तो भाव आहे, मंडईतल्या कांद्याचा असतो तसा. लोक एका बाजूला झुकले की तो सरकतो. २१ जानेवारी १९७९ च्या सुपर बोलला पिट्सबर्ग आधी डॅलसवर साडेतीनने वरचढ होतं. पिट्सबर्गवर पैसे येत गेले, तसा भाव साडेचारवर गेला, मग डॅलसवर पैसे आले. सामना पिट्सबर्गने ३५-३१ ने जिंकला. फरक चार! साडेतीनवाले पिट्सबर्गचे लोकही जिंकले, साडेचारवाले डॅलसचे लोकही जिंकले, आणि लास व्हेगसचे बुकी दोन्हीकडून नागवले गेले. तिथे त्या दिवसाला अजून काळा रविवार म्हणतात. (मला फारसं वाईट वाटलं नाही.)

गणिती मंडळींनीही यात बरंच काम केलं. व्हर्जिल कार्टर हा सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्यक्ष मैदानावर खेळणारा, आणि त्याने रॉबर्ट मॅकोल या प्राध्यापकांबरोबर १९७१ मध्ये शोधनिबंध लिहिला: मैदानात अमुक जागी चेंडू हातात असणं म्हणजे सरासरी किती गुण? आजची सगळी संगणकी भाकितं त्याच वाटेवर चालतात. बुद्धिबळासाठी मिलवॉकीचे प्राध्यापक आर्पाड एलो यांनी काढलेलं मानांकन (आपल्याला आनंदमुळे ओळखीचं झालेलं) तेही फूटबॉलला लावून झालं. घरच्या मैदानाचे म्हणून परंपरेने ३ गुण धरायचे, पण २०२० मध्ये करोनामुळे बहुतेक मैदानं रिकामी होती तेव्हा साखळीत यजमान १२७ जिंकले, १२८ हरले. म्हणजे ते गुण बहुधा प्रेक्षकांच्या घशातच होते!

आणि तरीही, ३ फेब्रुवारी २००८. न्यू इंग्लंड पेट्रियट्स १८ पैकी १८ जिंकून आलेले, बारा गुणांनी वरचढ. जायंट्सचा प्लॅक्सिको बरेस पत्रकारांना म्हणाला, आम्ही २३-१७ ने जिंकू. टॉम ब्रेडीला हे सांगितलं तर त्याला हसू आलं. आम्ही फक्त सतराच गुण करणार? ब्रेडीच्या संघाने चौदा केले. जायंट्स १७-१४ ने जिंकले. बारा गुण वरचढ म्हणजे ८० टक्के, पाचातली एक वेळ जायंट्सची. आमच्या ऑफिसातल्या न्यू इंग्लंडच्या एका माणसासमोर हे गणित मी अजून मांडलेलं नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते. माझा भाचा इथे एमएस करायला आला. हुशार, आकड्यांत रमणारा पोरगा. त्याला विचारलं, तुझ्याबद्दल लिहू का? म्हणाला, "लिही मावशी, आईला मी सांगितलंय. फक्त रक्कम लिहू नकोस." म्हणून रक्कम लिहीत नाही.

झालं असं की १९९२ च्या एका केंद्रीय कायद्याने नेवाडासारखे अपवाद सोडून देशभर खेळांवरचा सट्टा बंद होता. आमच्याच न्यू जर्सीने त्याविरुद्ध न्यायालयात लढा दिला आणि १४ मे २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. ज्या लीगने २००३ मध्ये लास व्हेगस शहराची साधी पर्यटनाची जाहिरातही सुपर बोलमध्ये घ्यायला नकार दिला होता, तिने २०२१ मध्ये सट्ट्याच्या कंपन्यांशी करार केले, आणि २०२४ चा सुपर बोल खुद्द लास व्हेगसमध्ये भरवला. मॅकनीलचा आकडा प्रत्येकाच्या खिशात आला. आता फक्त कोण आणि कितीने नाही. पुढचा चेंडू कुठे जाणार, अमका किती यार्ड पळणार, सगळ्याला भाव. आमच्या आजोबांच्या पिढीने मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडे लावले, त्यातूनच पुढे मटका आला. तेव्हा तार यायची वाट तरी बघावी लागायची.

भाच्याने मला त्याची वही दाखवली. (वही नव्हे, एक्सेल.) जिंकणारा संघ त्याने तीनातल्या दोन वेळा बरोबर ओळखला होता. मी बारा वर्षांत तिथवर पोचलेले नाही! तरी तो हरला होता, कारण पैसे "कोण" वर नव्हते, "कितीने" वर होते, आणि तिथे त्याचा हिशोब नाण्याइतकाच, पन्नासच्या आसपास. वर त्याला सवय लागली होती पारलेची. बिस्किट नव्हे, इथे चार-पाच पैजा एका माळेत ओवून लावतात त्याला पारले म्हणतात. चारही बरोबर आल्या तर घबाड. मी कागदावर मांडून दाखवलं: प्रत्येक पैज पन्नास टक्क्यांची, तर चारही बरोबर यायची शक्यता सोळात एक. म्हणजे एका डॉलरवर पंधरा नफा मिळायला हवा. नेहमीच्या भावाने मिळतो सव्वाबारा. साध्या पैजेत शंभरातले साडेचार त्यांचे, माळेत सतरा. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "मावशी, हे मला येतं गं. परीक्षेत आलं असतं तर मी दोन मिनिटांत सोडवलं असतं." मला त्याच्यावर रागावता आलं नाही. गणित येत नाही म्हणून कुणी बुडत नाही. सामना चालू असताना रात्री अकरा वाजता फोन हातात असतो आणि गणित नसतं.

त्याने ते अ‍ॅप काढून टाकलं. एकदा परत घातलं, परत काढलं. पैसे फेडायला अजून दीड वर्ष आहे.

आम्ही दोघांनी मिळून खेळ मात्र सोडला नाही, त्याची पद्धत बदलली. ग्लेन ब्रायर नावाच्या हवामानखात्यातल्या माणसाने १९५० मध्ये एक मोजपट्टी काढली होती, "उद्या पावसाची शक्यता ७० टक्के" असं म्हणणाऱ्याला गुण कसे द्यायचे याची. आपण "जिंकेल" म्हणायचं नाही, किती टक्के ते सांगायचं. ७० म्हटलं आणि तो संघ जिंकला तर चूक ०.३, तिचा वर्ग ०.०९. हरला तर ०.७ चा वर्ग, ०.४९. ज्याची सरासरी कमी तो हुशार. सगळ्याला ५० म्हणणाऱ्या आळशी माणसाला ०.२५ मिळतात. गेल्या प्लेऑफच्या १३ सामन्यांत माझी सरासरी ०.२२ आली, भाच्याची ०.२१. बढाई मारणाऱ्यांना फार महाग पडते ही पट्टी: आमच्या "लिहून ठेव" वाल्या सहकाऱ्याला शंभर टक्के धरून मोजलं तर ०.३८ भरले, आळशी माणसापेक्षाही वाईट. त्याला सांगितलं नाही. डोनट चांगले आणतो तो.

दर आठवड्याला दुखापतींची शेवटची यादी आली की भाच्याचा फोन येतो. कुणाचा घोटा, कुणाचा खांदा, हे वाचून झालं की आम्ही आपापले टक्के एकमेकांना न सांगता लिहून ठेवतो. गेल्या वेळी एका घोट्यावरून त्याने ६४ चे ५७ केले आणि मी ६४ वरच राहिले. त्या घोट्यावर आमचा पाऊण तास वाद झाला, आणि तेवढ्यात माझी आमटी लागली.